ऑफ-सीझनला फॅन नक्की काय मोजतात? रिचमंड टायगर्स, ऑक्टोबर 2016

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे तिकडे ज्याला सगळे नुसतं फुटी म्हणतात, त्यात सीझन संपल्यावर जे काही महिने येतात ना त्यात फॅन लोक मॅचच्या दिवसांपेक्षा जास्त बोलतात. कोण जाणार, कोण येणार, कोचला ठेवायचं का हाकलायचं, पुढच्या वर्षी टॉप आठमध्ये येऊ का. आणि या सगळ्या बोलण्यात किती तथ्य असतं हे तपासायला माझ्या मते सगळ्यात चांगलं प्रकरण म्हणजे रिचमंडचा 2016 चा ऑफ-सीझन. कारण तेव्हा फॅन्सचा राग शंभर टक्के खरा होता, त्यांच्याकडचे पुरावे खरे होते, आणि तरीही त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकला. हे असं का झालं ते नीट बघण्यासारखं आहे.

आपल्याकडच्या लोकांसाठी थोडक्यात व्यवस्था सांगतो. एएफएल म्हणजे तिकडची मुख्य फुटी लीग, त्यात तेव्हा 18 टीम होत्या, प्रत्येकी 22 मॅचेस, मग टॉप आठ टीम सप्टेंबरमध्ये फायनल्स खेळतात, आणि ग्रँड फायनल एमसीजीवर, तेच आपलं बॉक्सिंग डे टेस्टवालं मैदान. जिंकलेल्या कपला तिकडे फ्लॅग म्हणतात. खेळाडू मिळवायचे तर आयपीएलसारखा लिलाव नसतो, पैशाची बोली लावून कोणाला उचलता येत नाही. ऑक्टोबरमध्ये ट्रेड पिरियड असतो, त्यात खेळाडूच्या बदल्यात खेळाडू किंवा ड्राफ्टचे पिक, म्हणजे नवीन पोरं निवडायचे नंबर, द्यायचे. बरीच वर्षं एकाच क्लबला काढलेला खेळाडू करार संपला की फ्री एजंट म्हणून जाऊ शकतो. मग नोव्हेंबरमध्ये ड्राफ्ट, जिथे साधारण अठरा वर्षांची पोरं निवडली जातात आणि मूळ हिशोबात खाली राहिलेल्या टीमला आधी निवडायला मिळतं. शिवाय सॅलरी कॅप, म्हणजे पगारावरच्या एकूण खर्चाची मर्यादा, सगळ्यांना. त्यामुळे श्रीमंत क्लबने सगळं विकत घेतलं असं होत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक पिकवर फॅन्स इतकी डोकेफोड करतात.

आता रिचमंड. मेलबर्नच्या अगदी मधोमध, पंट रोडवर क्लबचं जुनं ग्राउंड, एमसीजी चालत अंतरावर, पिवळा-काळा रंग, आणि फॅन्सची संख्या प्रचंड. 2016 मध्ये सत्तर हजारांच्या वर मेंबर होते. शेवटचा फ्लॅग 1980 चा. त्यानंतर 1982 ची ग्रँड फायनल हरले आणि मग जी घसरण लागली ती अशी की 1983 ते 2012 या तीस वर्षांत फायनल्स खेळले फक्त दोनदा, 1995 आणि 2001. बऱ्याचदा नववे यायचे, म्हणजे आठाच्या एक खाली, आणि दुसऱ्या क्लबचे लोक नऊ आकडा दाखवून चिडवायचे. वैतागलेल्या फॅनने मेंबरशिप कार्ड मायक्रोवेव्हमध्ये घालून जाळायचं ही रिचमंडची ओळखच होऊन बसली होती.

कोच डेमियन हार्डविक 2010 ला आला. त्याच सुमारास सीईओ ब्रेंडन गेलने जाहीर प्लॅन मांडला, त्यात 2020 पर्यंत तीन फ्लॅग असं होतं, आणि लोक हसले. 2013 ला टीम फायनल्सला पोहोचली, एलिमिनेशन फायनल, म्हणजे हरलं की थेट बाहेर, कार्लटनशी, आणि कार्लटन खरंतर नववे होते, एसेंडनला खेळाडूंना दिलेल्या सप्लिमेंटच्या प्रकरणात बाहेर काढल्यामुळे ते आत आले होते. एमसीजीवर 94,690 लोक, रिचमंड हाफ टाइमला पुढे, आणि 20 पॉइंटने हरले. 2014 ला सीझनच्या मध्याला 3 विजय 10 पराभव अशी अवस्था, मग सलग नऊ जिंकून आठवे, पण अ‍ॅडलेडला जाऊन पोर्ट अ‍ॅडलेडकडून 57 पॉइंटने मार खाल्ला. त्या मॅचमध्ये कॅप्टन ट्रेंट कॉचिनने टॉस जिंकून वाऱ्याच्या विरुद्ध दिशा घेतली होती आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये मॅच गेली, ते त्याला पुढे कित्येक वर्षं ऐकून घ्यावं लागलं. 2015 ला पुन्हा एलिमिनेशन फायनल, नॉर्थ मेलबर्नकडून 17 पॉइंटने हार. तीन वर्षं, तीन एलिमिनेशन फायनल, तिन्ही हरल्या.

मग 2016. सुरुवातीलाच क्लबने हार्डविकचा करार 2018 पर्यंत वाढवला. दुसऱ्या राउंडला कॉलिंगवुडकडून एक पॉइंटने हरले, शेवटच्या काही सेकंदांत ब्रॉडी ग्रंडीच्या गोलवर. पहिल्या सात मॅचपैकी एकच जिंकली. आठव्या राउंडला सिडनीविरुद्ध सॅम लॉइडने मॅच संपल्याचा सायरन वाजल्यावर घेतलेल्या किकवर एक पॉइंटने जिंकले, लोकांना वाटलं चला गाडी रुळावर आली. नाही आली. शेवटच्या राउंडला त्याच सिडनीने एससीजीवर त्यांना 113 पॉइंटने चिरडलं. 22 पैकी 8 विजय, तेरावा नंबर.

फॅन्सचे तट

आता स्वतःला त्या ऑक्टोबरमध्ये ठेवून बघा. स्वान स्ट्रीटवरचे पब, ऑफिसची चहाची खोली, ट्रेनमध्ये, सगळीकडे साधारण तीन तऱ्हेची मतं ऐकू यायची.

पहिला तट म्हणायचा, कोचला काढा. सात वर्षं झाली, फायनल्सचा एक विजय नाही, आणि वर करार वाढवलाय. याच रागातून फोकस ऑन फुटी नावाचा गट उभा राहिला, बोर्डच बदलायचं म्हणून. प्रेसिडेंट पेगी ओ'नील, एएफएल क्लबच्या पहिल्या महिला प्रेसिडेंट, 2013 पासून पदावर, त्यांच्यावर आणि गेलवर थेट दबाव आला.

दुसरा तट म्हणायचा, लिस्ट, म्हणजे खेळाडूंचा सगळा संच, फोडा. डेलिडिओ, कॉचिन, रीवोल्ट, मार्टिन, रान्स या पाच मोठ्या नावांच्या भरवशावर इतकी वर्षं काढली, यांनी काही होत नाही, जे विकता येतील ते विका, पिक घ्या, पोरांना खेळवा. त्यात डस्टिन मार्टिनचा करार 2017 अखेर संपणार होता आणि तो फ्री एजंट होणार, मग फुकट जाण्यापेक्षा आताच द्या असंही काही जण म्हणत होते. आज हे वाचून अंगावर काटा येतो पण त्या दिवशी हा अगदी शुद्धीवर असलेल्या माणसाचा युक्तिवाद होता.

तिसरा तट लहान होता. त्यांचं म्हणणं, आपण हरतोय ते कसं हरतोय ते बघा. बॉल मागे घेऊन, संथपणे, एकाने किक मारायची, दुसऱ्याने झेलायची (याला मार्क म्हणतात), असं किक-मार्क किक-मार्क करत पुढे सरकायचं, समोरच्या टीमला मागे जाऊन बचाव लावायला भरपूर वेळ द्यायचा, आणि शेवटी रीवोल्टच्या डोक्यावर उंच किक टाकायची जिथे दोघं-तिघं आधीच उभे. बॉल हातातून सुटला की परत मिळवायला कोणी पळत नाही. म्हणजे माणसं वाईट नाहीत, खेळायची पद्धत वाईट आहे.

या तिसऱ्या तटाचं म्हणणं मला आजही महत्त्वाचं वाटतं कारण पहिल्या दोघांनी निकाल मोजला आणि यांनी निकालामागची क्रिया बघितली. पण एक मान्य केलं पाहिजे, पद्धत वाईट असेल तर ती आखणारा कोण? कोचच ना. मग कोचला काढा हेच उत्तर निघतं. इथेच खरा पेच होता आणि क्लबने त्याचं जे उत्तर काढलं ते बहुतेक फॅन्सच्या नजरेतून सुटलं.

क्लबने काय केलं

अर्न्स्ट अँड यंगकडून फुटबॉल विभागाची तपासणी करून घेतली. आणि मग हार्डविकला ठेवलं, पण त्याच्या आजूबाजूची रचना बदलली. नील बाम कॉलिंगवुडहून आला. हा माणूस 1973 आणि 1974 ला रिचमंडकडून फ्लॅग जिंकलेला खेळाडू, आणि पुढे जिलॉन्गने 2007, 2009, 2011 ला जे फ्लॅग जिंकले तेव्हा तिथला फुटबॉल मॅनेजर. जस्टिन लेपिच परत आला, आधी रिचमंडला असिस्टंट होता, मग ब्रिस्बेनचा हेड कोच, आणि 2016 ला तिथून काढलेला. ब्लेक कॅरासेला जिलॉन्गहून आला, हार्डविकबरोबर एसेंडनच्या 2000 च्या फ्लॅग जिंकलेल्या टीममध्ये होता तो. म्हणजे हार्डविकला तोंडावर नाही म्हणू शकतील अशी, वय, अनुभव किंवा जुनी मैत्री असलेली माणसं एकदम आत आणली. बोर्डाविरुद्धचा गटही ऑक्टोबरमध्येच मागे हटला.

फॅन्सच्या चर्चेत या तीन नावांना मिळालेली जागा फार थोडी होती. असिस्टंट कोच आला म्हणून कोणी मेंबरशिप घेत नाही. सगळं लक्ष ट्रेडवर.

ट्रेडमध्ये सगळ्यात मोठा धक्का ब्रेट डेलिडिओचा. 2004 च्या ड्राफ्टचा पहिला पिक, 243 मॅचेस, क्लबचा बेस्ट अँड फेअरेस्ट, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, दोनदा, आणि इतकं करून फायनल्सचा एकही विजय नशिबात नाही. तो ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्सला गेला, बदल्यात मुख्य मिळालं ते पुढच्या वर्षीचा एक फर्स्ट राउंड पिक. टायरोन व्हिकरी, उंच फॉरवर्ड, फ्री एजंट म्हणून हॉथॉर्नला गेला. ट्रॉय चॅप्लिन रिटायर झाला. आत कोण आलं? गोल्ड कोस्टहून डिऑन प्रेस्टिया, ज्याच्यासाठी सहा नंबरचा पिक द्यावा लागला आणि ज्याचा गुडघा 2016 भर सतावत होता. जिलॉन्गहून जॉश कॅडी, त्यासाठी मुख्यतः 24 नंबरचा पिक. आणि सिडनीहून टोबी नॅन्कर्व्हिस, 46 नंबरच्या पिकच्या बदल्यात, रुकमन, म्हणजे वर उडवलेल्या बॉलसाठी झेप घेणारा उंच खेळाडू, तोपर्यंत सिनियर टीमकडून जेमतेम डझनभर मॅचेस खेळलेला.

कागदावर हिशोब करून बघा. एक महान खेळाडू गेला, एक उंच फॉरवर्ड गेला, टॉप दहातला पिक दिला, आणि आला गुडघा दुखणारा मिडफिल्डर, दुसऱ्या क्लबला जागा पक्की नसलेला एक धट्टाकट्टा खेळाडू आणि एक अननुभवी रुकमन. जमा-खर्च मांडला तर तोट्याचाच वाटतो. ड्राफ्टमध्ये 29 नंबरला शाय बोल्टन आणि 53 नंबरला साउथ ऑस्ट्रेलियाचा जॅक ग्रॅहम. 53 नंबरवर कोणी उत्सव करत नाही.

पण तोच हिशोब गरजेच्या बाजूने मांडा. मिडफिल्डमध्ये कॉचिन आणि मार्टिनवर सगळा भार, तिथे प्रेस्टिया. गोलसमोर आणि मिडफिल्डला दोन्हीकडे अंग झोकून देणारा माणूस नाही, तिथे कॅडी. रुकमध्ये दिवसभर धडका घेत राहील असा तरुण नाही, तिथे नॅन्कर्व्हिस. तिन्ही ट्रेड तीन ठरावीक भोकं बुजवायला होते. माझ्या मते ऑक्टोबर 2016 मध्येच, पुढचं काही माहीत नसताना, हे कोणालाही दिसू शकलं असतं. फॅन्स नावांचं वजन करत होते, क्लब जागा भरत होता.

जे बाहेरून दिसणं शक्यच नव्हतं ते वेगळं. प्री-सीझनला खेळाडूंनी एकमेकांसमोर उभं राहून आपला हिरो कोण, आयुष्यातला कठीण काळ कोणता आणि सगळ्यात आनंदाचा क्षण कोणता हे बोलून दाखवायचं अशी सत्रं सुरू झाली. माइंडफुलनेससाठी एमा मरी टीमबरोबर काम करत होत्या. कॉचिन, जो सगळं परफेक्ट करायच्या नादात आखडून जायचा, तो मोकळा झाला, आणि योगायोग असा की त्याच नोव्हेंबरमध्ये एसेंडनच्या जोब वॉटसनकडून त्या सप्लिमेंट प्रकरणामुळे 2012 चं ब्राउनलो मेडल, म्हणजे लीगच्या सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल, काढून ते कॉचिन आणि सॅम मिचेलला देण्यात आलं. हार्डविकनेही नंतर मोकळेपणाने सांगितलंय की 2016 मध्ये तो ताणाखाली चुकीचा माणूस होऊन बसला होता, कोचिंगमधला आनंदच गेला होता. या गोष्टी ट्रेडच्या पानावर येत नाहीत, त्यामुळे फॅनने हे हेरलं नाही म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

2017

सुरुवातीचे पाच जिंकले. मग सहाव्या राउंडला अ‍ॅडलेडने 76 पॉइंटने हरवलं, पुढे बुलडॉग्जकडून 5, फ्रीमँटलकडून 2, जायंट्सकडून 3 पॉइंटने सलग पराभव. जुना रिचमंड परत आला असं सगळे म्हणायला लागले. पण त्या तीन निसटत्या मॅच आणि 2016 चे पराभव यांत मला मूलभूत फरक दिसतो. आता टीम बॉल मिळाला की कशीही, हाताने, पायाने, ढकलून, पुढेच नेत होती. डॅनियल रिओली, जेसन कास्टॅन्या, डॅन बटलर ही लहान चणीची पोरं समोरच्याला बॉल बाहेर काढूच देत नव्हती, अंगावर धावून जायची. रीवोल्ट एकटा उंच, बाकी सगळे पळणारे. आता हे सगळं आधीपासून आखलेलं होतं असं म्हणणं मला पटत नाही. व्हिकरी गेला होता आणि दुसरा उंच फॉरवर्ड बेन ग्रिफिथ्स डोक्याला मार लागल्यामुळे बाहेर बसला. उंच माणूस उरलाच नाही म्हणूनही ती लहान फॉरवर्ड लाइन घडली. पण हातात जे उरलं त्यातून पद्धत उभी करायची तयारी कोचमध्ये आली होती, जी आधीच्या वर्षी दिसत नव्हती, आणि मला वाटतं त्या नव्या असिस्टंट लोकांचा खरा परिणाम इथे आहे.

मार्टिनने ऑगस्टच्या शेवटी नॉर्थ मेलबर्नची मोठी ऑफर नाकारून रिचमंडशीच सात वर्षांचा करार केला. टीम तिसरी आली. जिलॉन्गला 51 पॉइंटने हरवलं, 2001 नंतरचा फायनल्सचा पहिला विजय. प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे ग्रँड फायनलच्या आधीची मॅच, जायंट्सशी, समोर नारिंगी जर्सीत डेलिडिओ, आणि एमसीजी पिवळ्या-काळ्याने इतकं भरलेलं की दुसरा रंग शोधावा लागत होता. 36 पॉइंटने जिंकले. बारा वर्षं ज्याच्यासाठी घसा फोडला तो माणूस हरलेल्या बाजूला बघून त्या आनंदातही खूप लोकांना आत कुठेतरी टोचलं, आणि ते टोचणं योग्यच होतं. 30 सप्टेंबर 2017, ग्रँड फायनल, 100,021 लोक, रिचमंड 108, अ‍ॅडलेड 60. 37 वर्षांनी फ्लॅग. मार्टिनला त्याच आठवड्यात विक्रमी 36 मतांनी ब्राउनलो आणि ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल, फ्लॅगसकट तिन्ही एका वर्षात मिळवणारा पहिला माणूस. प्रेस्टिया, कॅडी, नॅन्कर्व्हिस तिघंही त्या 22 मध्ये. आणि 53 नंबरच्या पिकवर आलेला जॅक ग्रॅहम, आयुष्यातली पाचवी सिनियर मॅच, तीन गोल.

मग बरोबर कोण होतं

निकाल बघून क्लबला शंभर मार्क द्यायचा मोह होतो, तो मी टाळतो. त्या वर्षी मुख्य खेळाडू मोठ्या दुखापतींतून बऱ्यापैकी वाचले. तिन्ही फायनल्स एमसीजीवर झाल्या, घरच्या ग्राउंडवर. मार्टिनने जे वर्ष खेळलं तसं वर्ष कोणत्याही प्लॅनमध्ये लिहिता येत नाही. यातल्या दोन गोष्टी फिरल्या असत्या तर कदाचित सेमी फायनलला संपलं असतं, आणि मग हार्डविकला ठेवणं ही चूक होती असं आज सगळे ठामपणे सांगत असते. पण निर्णय तरीही चांगलाच होता, कारण तो दुखणं कुठे आहे ते शोधून घेतलेला होता. टीमचा गाभा, मार्टिन, कॉचिन, रान्स, रीवोल्ट, हे साधारण पंचवीस ते अठ्ठावीसच्या घरातले, म्हणजे फुटीपटूची ऐन उमेदीची वर्षं. अशी लिस्ट फोडायची नसते, तिला नीट वापरायचं असतं. लिस्ट फोडा म्हणणारा तट इथे चुकला, त्यांनी पराभव मोजले आणि वय मोजलं नाही.

आणि फॅन्सच्या रागाचं काय? माझं म्हणणं, त्या रागाशिवाय हे घडलं नसतं. बोर्ड बदलायची धमकी, तो दबाव, यामुळेच बाहेरून तपासणी आणि बामसारख्या माणसाला आणणं हे इतक्या झपाट्याने झालं असं मला वाटतं. पैसे भरणारे मेंबर असलेल्या क्लबमध्ये हा हिशोब विचारलाच पाहिजे, फक्त उत्तर म्हणून एकच डोकं मागितलं की क्लबला ते देऊन मोकळं व्हायची सोय मिळते. तेव्हा दिलं नाही हे ओ'नील आणि गेल यांचं श्रेय. 2018 ला मेंबर एक लाखाच्या वर गेले, 2019 आणि 2020 ला आणखी दोन फ्लॅग आले, गेलच्या त्या तीन फ्लॅगच्या प्लॅनवर हसणारं मग कोणी उरलं नाही.

हेच सूत्र घेऊन पुढे याच क्लबचा 2024 चा ऑफ-सीझन बघितला तर उत्तर बरोबर उलटं येतं, आणि म्हणून मी म्हणतो की थांबा, सगळं ठीक होईल हा सल्ला या प्रकरणातून काढू नये. हार्डविक 2023 च्या मध्यात सोडून गेला होता, नवा कोच अ‍ॅडेम यझ, 2024 ला फक्त दोन विजय आणि शेवटचा नंबर. मार्टिन रिटायर. कॉचिन आणि रीवोल्ट एक वर्ष आधीच गेलेले. यावेळी भोकं बुजवायला काही गाभाच शिल्लक नव्हता. म्हणून क्लबने खरंच लिस्ट फोडली: बोल्टन फ्रीमँटलला, रिओली गोल्ड कोस्टला, लियम बेकर वेस्ट कोस्टला, आणि फ्री एजंट म्हणून जॅक ग्रॅहमही वेस्ट कोस्टला. त्या पिकमधून ड्राफ्टच्या पहिल्या काही तासांत पोरांची अख्खी तुकडी उचलली, पहिल्या नंबरला सॅम लेलर. 2016 ला जे करा म्हणून ओरडणं चूक होतं तेच 2024 ला करणं बरोबर होतं असं माझं मत आहे, आणि या तुकडीचा निकाल लावायचा तर निदान त्यांच्या पन्नासेक मॅचेस होऊ द्या.